डाव्या अंगाचे बोल्ट

दि. ७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाईसाहेब बोलल्या! परवा दुपारी इंजिन लागलं. आधी दोनदा खोकल्या, मग शेडभर धूर केला आणि मग अशा काही गुरगुरायला लागल्या की शेजारच्या शिंपीणबाई मशीन सोडून पळत आल्या. अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले, गुडघ्याबिडघ्याची आठवणसुद्धा नाही. आयुष्यभर मालकांसाठी ही अमेरिकन गाडी त्यांनी चालवली आणि मालक भंगारात काढायला निघाले तेव्हा ओढत घरी आणली. त्यानंतर तिचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

आता अडलंय ते चाकांपाशी. उजवी दोन चढली. डावी दोन मात्र भिंतीला टेकून उभी आहेत, कारण त्यांचे बोल्ट नाहीत. तुला सांगायला नकोच, पण तरी सांगते. बाईसाहेबांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. जगातले सगळे बोल्ट जिकडे फिरवले की घट्ट होतात, तिकडे हे सैल होतात. मागे पंक्चरवाल्याने आम्हाला न विचारता पान्याला पाइप लावून जोर केला आणि सगळे मोडून ठेवले. मोडके तुकडे मी पोखरून काढलेत, आतले आटे शाबूत आहेत. अप्पांचा हट्ट की बोल्ट अस्सलच हवेत, इथे कातून घेतलेले चालणार नाहीत. तुझ्या शहरातल्या जुन्या बाजारात मिळतील. उलट्या आट्यांचे, एवढं लक्षात ठेव. सोबत चित्र काढून बाण दाखवलाय.

घाई का, ते ऐक. बस आगाराच्या वर्कशॉपात शिकाऊ मुलांना इंजिन शिकवायची नोकरी मला लागली. एक मार्चला हजर व्हायचंय. ते गाव इथून रात्रभराच्या अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन जमणारं नाही. अप्पांनी आत्यासमोर शब्द दिलाय, की गाडी रस्त्यावर आली की खुशाल जा. त्या शब्दावर मी जगतेय. फाटकाची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. गाडीच्या कामाला जाते म्हटलं की लगेच काढून देतात, मैत्रिणीकडे जाते म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायला लागतो. आई गेल्यापासून त्यांना घरात एकटं बसवत नाही, हे मला समजतं. पण दादा, मला इथे श्वास पुरत नाही रे.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवतोस तशीच ठेव, आणि बोल्टांचीही ठेव.

तुझी
बारकी

---

दि. १३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या वहिनीने साखर वाटायचीच तेवढी बाकी ठेवली. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आमच्या बहिणीने मेलेली गाडी उठवली. कुणाचा विश्वास बसला नाही, तो भाग वेगळा.

डाव्या बोल्टांचं मला सांगतेस? त्यातला एक मोडून अप्पांची आयुष्यातली एकमेव चपराक मी खाल्लीय. अख्खा पान्याला लोंबकळलो होतो, उलट्या दिशेने. तेव्हापासून तर आपल्याकडे हट्टी माणसाला डाव्या अंगाचं म्हणायची रीत पडली, आणि तो मान पुढे कायमचा तुझ्याकडे गेला.

काल जुन्या बाजारात गेलो. तिथे एक म्हातारेबुवा आहेत, गोणपाटावर दिवे, मुठी, आरसे मांडून बसतात आणि गिऱ्हाईकाकडे न बघता पेपर वाचतात. त्यांनी डबाभर बोल्ट पुढे ओतले. त्यातले तुला लागतील तेवढे निवडून पार्सल केलंय.

नोकरीचं ऐकून बरं वाटलं. तरी मी म्हणेन, जिवाचा आटापिटा करू नकोस. तुझ्या हातात कसब आहे, अशा नोकऱ्या छप्पन्न येतील. अप्पांचं वय झालं. माझं इथलं घर म्हणजे काडेपेटी, तुला माहीत आहेच.

थोरला म्हणून थोडा धाक आणि पुष्कळ माया असू दे.

तुझा
दादा

---

दि. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. बोल्ट चांगले आहेत, जड आहेत, अमेरिकन छापही आहे. पण आटे सुलटे आहेत. पहिला लावून पाहिला तर अर्धा वळसासुद्धा घेईना. उजव्या चाकाचे आलेत, दादा. म्हाताऱ्यांनी दिले असतील आणि तू घाईत बघितले नसशील.

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. अप्पांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. ते हळूच म्हणाले की चला, म्हणजे अजून थोडे दिवस आहेत. त्यात कुत्सितपणा नव्हता रे. मनापासून आनंद झाला होता त्यांना, आणि तो लपवता येत नव्हता. लगेच मला चहा करून आणला, स्वतः. त्यांच्यावर रागावायचीही सोय नाही.

आगाराच्या साहेबांना मी मुदत मागितली. त्यांनी मार्चच्या मध्यापर्यंत जागा धरून ठेवलीय, पुढे नाही असं स्पष्ट कळवलंय. तेव्हा या खेपेला बोल्ट हातात घेऊन, त्याच्या जोडीचा नट फिरवून बघ. आपल्या घड्याळाच्या काट्यासारखा फिरवल्यावर तो सुटायला हवा. एवढंच बघायचं.

दिवसभर मी गाडी पुसते. दुसरं काम उरलेलं नाही. बंपरमध्ये माझं तोंड दिसतं, आणि मागे खुर्चीत बसलेले अप्पा दिसतात.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बारकी

---

दि. २६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

फारच वाईट वाटलं. म्हातारेबुवांना जाऊन चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी पेपरमधून मान वर केली, हाच मोठा विजय. दुसरे बोल्ट घेऊन आजच पाठवतोय. या वेळी नक्की.

बाकी एक मनात येतं म्हणून लिहितो. तू गेलीस तर अप्पांचं काय, याचा विचार तू केला असशीलच. आमच्या बैठकीत खाट लावली तर दार उघडत नाही. तुझ्या वहिनीची शिकवणी तिथेच चालते, मुलं येतात. संडास खालच्या मजल्यावर, अप्पांना जिना झेपणार नाही. मी कुठे नाही म्हणतोय? फक्त सांगून ठेवतोय. शिवाय त्यांना ते घर आणि ती गाडी सोडून चैन पडणार नाही, आणि तुझ्याइतकं त्यांचं कुणाला कळत नाही हे आपण सगळेच जाणतो.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा
दादा

---

बसस्टँडवरून
बुधवार, दि. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पार्सल पोचलं. तेही सुलट्याच आट्यांचं.

फरशीवर बसून मी पुष्कळ वेळ त्या बोल्टांकडे पाहत होते. ज्याने या आट्यांपायी चपराक खाल्ली, तो एकदा चुकेल. दोनदा नाही. आणि मी तर तुला अप्पांना ठेवून घे असं एका अक्षराने लिहिलं नव्हतं, तरी तू खाट, दार, जिना सगळं मोजून बसला होतास. मला आधी खूप राग आला. मग रडू आलं. म्हातारेबुवांना फैलावर घेतल्याचं तू इतकं हसत-खेळत लिहिलंस की मला त्यांचीच कीव आली.

मग मी अप्पांना सांगितलं की दादाचे बोल्ट बरोबर आलेत, फक्त गंज काढून आणते. त्यांनी किल्ली दिली. मी लेथवाल्याकडे गेले आणि त्याच्या लेथवर उभं राहून नव्या दांड्यांवर स्वतः उलटे आटे कातले, वर तुझ्या बोल्टांची अमेरिकन छापाची डोकी जोडून घेतली. अप्पांनी एकेक बोल्ट हातात घेऊन निरखला आणि म्हणाले की अस्सल माल असा असतो, पोराला पारख आहे. मी होय म्हटलं.

आज सकाळी गाडी बाहेर काढली. फाटकाची दोन्ही दारं उघडावी लागली, एवढ्या रुंद आहेत बाईसाहेब. अप्पांना शेजारी बसवून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत नेऊन आणली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. अप्पा दोन्ही बाजूंना मान हलवून नमस्कार घेत होते, त्यांना इतकं खूश मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. फाटकासमोर गाडी थांबवली आणि मी त्यांना शब्दाची आठवण दिली.

त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गाडी झाली, खरंय. पण आता ती चालवणार कोण?”

दादा, ते कपट नव्हतं. त्यांना खरोखरच वाटत होतं की हा प्रश्न मला आधीच सुचायला हवा होता. आणि माझ्या लक्षात आलं की याला शेवट नाही. चालवणारा मिळाला तर टायर गुळगुळीत होतील, टायर मिळाले तर पत्रा गंजेल, आणि दर खेपेला तू काहीतरी चुकीचं पाठवशील. माझे केस पिकेपर्यंत आम्ही तिघं असेच राहू, एकमेकांवर खूप माया करत.

मी आत गेले आणि बॅग भरली. आत्याला बोलावून घेतलं. तिला सगळं खरं सांगितलं, आणि ती म्हणाली की तू नीघ. अप्पांना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की मी जातेय, दर महिन्याला येईन. त्यांनी खिशातली किल्ली हाताने चाचपली. तिचा उपयोग नव्हता. बाईसाहेब अर्ध्या रस्त्यावर होत्या आणि फाटक सताड उघडं होतं.

मला आत्ता फार भीती वाटतेय. अप्पांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. पण बस लागलीय आणि मी तिकीट काढलंय. तुझा राग येतो तेवढीच मायाही येते, ती दोन्ही ठेवून घे.

तुझी
बारकी

ता. क. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. आत्या रविवारपर्यंतच थांबणार आहे.