सरावाच्या घरातली बाई

प्रिय धाकटे,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे ना? (नसेल तर हे पत्र बसून वाच.) यजमानांचा खोकला कसा आहे? की त्यांना खोकायलाही तुझी परवानगी लागते? देवाच्या दयेने माझी तब्येत उत्तम आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू.

तू लिहिलंस, "ताई, काहीही करून त्या दोघांना नापास कर, म्हणजे ती माझ्या मुलाला परदेशी नेणार नाही." ("ती" म्हणजे तुझी सून. लग्नाला चार वर्षं झाली, पण तुझ्या तोंडात तिचं नाव अजून आलेलं नाही.) मी म्हटलं, बघते. पण मी इथे नेमकी कोण आहे हेच मला धड कळलेलं नव्हतं, ते आधी ऐक.

झालं असं, की आमच्या पाद्रीसाहेबांनी विचारलं, रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो? मी मुख्याध्यापिका असताना असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण चर्चच्या हॉलमध्ये परदेशी जाऊन चर्च स्थापन करणाऱ्या तुकड्यांचं प्रशिक्षण चालू होतं, आणि त्यांना मदत हवी होती. मी गेले आणि पहिलाच प्रश्न विचारला, गवंडी कुठे आहेत? सगळे हसले. म्हणे इमारत बांधायचीच नाही. घंटा नाही, बाकं नाहीत, वेदी नाही. अनोळखी गावात जायचं, एखाद्या घराचं दार आपणहून उघडेपर्यंत थांबायचं, आणि त्या घरातल्या टेबलाशी चर्च सुरू करायचं. मी म्हटलं, मग लोक रविवारचे कपडे कुठे दाखवणार?

मला काम मिळालं ते बाईचं. हॉलमागच्या अडगळीच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि गॅस ठेवून घर केलं होतं. मी त्या घरची मालकीण, आणि शिकाऊ मंडळी जोडीजोडीने येऊन माझं दार ठोठावणार. तिने चर्चचं नाव ऐकलेलं नाही आणि तिला पाहुणे अजिबात आवडत नाहीत. प्रशिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो, म्हणून मी त्याला शिट्टीवाला म्हणते. तो म्हणाला, "अभिनय करू नका मॅडम, नेहमीसारख्याच वागा." (याचा अर्थ मी अजून लावते आहे.) नियम एकच, आणि तो फक्त आम्हा दोघांना ठाऊक: बाईने आपणहून "पुन्हा या" म्हटलं की जोडी पास.

पहिल्या जोडीने दारातच गाणं सुरू केलं. मी दार लावून घेतलं. दुसरीने आत येऊन माझंच टेबल सरकवलं, गोल करून बसायचं म्हणून! तिसरी म्हणाली, तुमच्या जीवनात एक पोकळी आहे. मी म्हटलं, मोरीत खरकटी भांडीही आहेत, आधी ती बघा. त्यांनी घासली, मग डोळे मिटून प्रार्थना केली, आणि शेवटी सवयीने माझ्या तोंडून खणखणीत "आमेन" गेलं. शिट्टी वाजली! शाळेत आमेन पुटपुटलं म्हणून सिस्टरांनी माझ्या हातावर पट्टी मारली होती, आणि आता या वयात ते मोठ्याने म्हटलं म्हणून बोलणी. मग मी ख्रिस्ती की नाही? संध्याकाळी घरी गेल्यावरही मला स्वतःच्या घरात जरा परकं वाटत होतं.

शेवटी तुझे दोघं आले. तुझ्या चिरंजीवांनी दार बडवलं. "मावशी, उघड ना, आम्हीच आहोत!" मी आतून म्हटलं, इथे कोणी मावशी राहत नाही. तो तणतणत निघून गेला. (हा हट्टीपणा कोणाकडून आला, ते मी लिहीत नाही.) मी खूश. तुझं काम झालं होतं. मी दूध तापत ठेवलं. बऱ्याच वेळाने पाणी फेकायला दार उघडलं, तर तुझी सून चपला काढून पायरीवर निवांत बसलेली.

"दार बंद आहे, दिसत नाही?"

"दिसतं की. मला सवय आहे."

"कुठे लागली ही सवय?" (हे मी विचारलं की त्या बाईने, देव जाणे.)

"सासूबाईंकडे. त्यांची पायरी रुंद आहे, बरी पडते."

तक्रार नाही, टोमणा नाही, आज ऊन आहे असं सांगावं तसं. तेवढ्यात ती म्हणाली, "दूध लागलं वाटतं," आणि आम्ही दोघी आत धावलो. तिने पातेलं खरवडलं, मी ओरडत राहिले, ती हसत राहिली. मग मी तिला काय काय सांगितलं ते विचारू नकोस. आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत गाडी गेली. धर्माचा एक शब्द ती बोलली नाही, आणि ती निघाली तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "पुन्हा ये गं." बाहेर टाळ्या. दोघं पास. महिनाअखेर निघतात, तीन वर्षांसाठी.

तेव्हा मला दोष देऊ नकोस. पास त्या बाईने केलं. मी शेवटपर्यंत तुझ्याच बाजूची होते.

तुझी,
(सध्या कोण ते नक्की नसलेली) ताई

ता. क. मी आता मऊ पडले म्हणून शिट्टीवाल्याला नवी बाई हवी आहे. मी तुझं नाव सुचवलं. म्हटलं, ती सख्ख्या सुनेलाही आत घेत नाही. तो फार आनंदला.

ता. क. २ ती नोकरी राहू दे. रविवारी दुपारी दोघं निरोप घ्यायला तुझ्याकडे येत आहेत. हा सराव नाही, चुकलं तर शिट्टी वाजणार नाही. तो दार ठोठावेल, चिडेल आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहील. ती पायरीवर बसेल. तिच्या शेजारी, सगळ्या गल्लीसमोर, मी बसणार आहे. एकदा खाली बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात. एक ती आहेच.