नाव बदललेलं मानपत्र

४ ऑक्टोबर, अबुधाबी
मंडळात आज माझं व्याख्यान झालं— सतराव्या शतकातला इंग्रज कवी-नाटककार, एम.ए.पासूनचा माझा लाडका. काय धुतला त्याला! राजाला हटवणारा वारला, तर त्याच्यावर शोककाव्य. वर्ष-दीड वर्षात राजा परतला, तर राजाचं स्तोत्र. पुढचा राजा कॅथलिक, की हाही कॅथलिक! हॉल हसून हसून लोळला. सगळ्यात मोठ्याने हसले धनंजय सर. आमचे माजी अध्यक्ष. महिनाअखेर कायमचे पुण्याला चाललेत.

१२ ऑक्टोबर
सरांचं मानपत्र लिहून झालं. दिवाळीच्या कार्यक्रमात मीच वाचणार. आम्ही इथे उतरलो तेव्हा हा माणूस पहाटे एअरपोर्टवर पिठलं-भाकरीचा डबा घेऊन उभा होता. ते लिहिलंच. लिहिताना रडू आलं.

१५ ऑक्टोबर
निखिल सरांचा फोन. मंडळाचे नवे अध्यक्ष— आणि माझ्या नवऱ्याचे, शैलेंद्रचे बॉस. "वहिनी, धनंजयजींना बुके देऊ, खलास. कमिटी म्हणतेय, मानपत्र मला द्या. मी तर नकोच म्हणत होतो!"
शैलेंद्र शेजारीच उभा. "कंपनीत लेऑफची लिस्ट बनतेय, सुचित्रा. लिही ना, प्लीज."
नवं लिहायला मन धजेना. जुन्यातच नाव बदललं.

१८ ऑक्टोबर
वाचलं. तो डबा तसाच राहिला होता! निखिल सर, पहाटे, भाकऱ्या घेऊन, एअरपोर्टवर— मागे कुणीतरी फिसकन हसलं. निखिल सरांनी हात जोडून स्वीकारलं. पहिली टाळी धनंजय सरांनी वाजवली.
गाडीत मैथिली म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज धनंजय अंकल, राइट?" लेकीसमोर मान वर करवेना. शैलेंद्रने रेडिओ लावला.

२० ऑक्टोबर
फराळाचे डबे अजून उघडलेच नाहीत. लाज वाटते, नुसती लाज! त्या कवीसमोरसुद्धा. त्याचा शेवट मी व्याख्यानात गाळला होता— लोकांचं हसू थांबलं असतं म्हणून. पुन्हा राज्य पालटलं तेव्हा तो बदललाच नाही. राजकवीपद गेलं, वेतन गेलं, म्हातारपणी भाषांतरं करून जगला. आणि त्याला हसणारी मी कोण?
सरांना फोन करायचा होता. केला नाही.

३ नोव्हेंबर
शैलेंद्रला काढलं. पत्रावर सही निखिल सरांची.
संध्याकाळी पुण्याहून धनंजय सरांचा फोन— "सुचित्रा, शैलेंद्रचा सीव्ही पाठव. रुवैसच्या रिफायनरीत माझ्या ओळखीचे आहेत." पाठवला. आता माफी मागितली, तर तीही कामासाठीच वाटेल!