गुरुजी आपल्या बारमध्ये आले

प्रिय दाओ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू मला दोन शिव्या हासडल्या असशीलच. फोनचा नंबर बदललास, पत्ता कुणाला देऊ नका म्हणून बजावलंस, तरी ही तिक टपकलीच. पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून मिळाला. तिच्यावर चिडू नकोस. तिला पोटभर जेवू घालून, लाडीगोडी लावून मी तो काढून घेतला. सामुई बेटावर लाँड्रीचं काम कसं चाललंय? चादरींकडे बघून हसावं तरी लागत नाही, एवढं सुख. इथे पट्टायात सगळं तसंच आहे. जुमताईनं आपल्या बारला नवा गुलाबी रंग दिलाय, खोकल्याच्या औषधासारखा, आणि गिऱ्हाइकं वाढतील म्हणून वाट बघत बसलीय.

तुझे बाबा आले होते. चार ओळी इकडचं तिकडचं लिहून मग मी हळूच सांगणार होते, पण ते काही मला जमत नाही.

दुपार कलली होती. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आम्ही काउंटरवरच पपईची कोशिंबीर आणि चिकट भात घेऊन बसलो होतो. समोरच्या बारमधून पोरींनी आरोळी ठोकली, "ए हँडसम, लाजतोस काय, ये की!" बघते तर रस्त्याच्या मधोमध तुझे बाबा, आपले प्रासित गुरुजी. इस्त्रीची पँट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, छातीशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. एवढी घोडी झालेय मी, पण वर्गात उशिरा पोचल्यासारखी सरळ बर्फाच्या पेटीमागे जाऊन लपले. तिथूनच मी बघत होते. प्रत्येक बारमध्ये ते तुझा फोटो दाखवत होते. कुणी एखादीला शोधत आलं की आपल्या गल्लीत काय सांगतात ते तुला माहीतच आहे. पहिल्या बारनं तुझं जर्मनीत लग्न लावलं. दुसऱ्यानं तुला बाग असलेलं घर दिलं. तिसऱ्यापर्यंत तुला जुळी झाली होती. गुरुजी सगळं नीट ऐकून घ्यायचे, हात जोडायचे आणि पुढच्या दारात जायचे.

असं करत करत आपल्याकडे पोचले. जुमताई काही त्यांना ओळखत नव्हती. तिनं नेहमीसारखं हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि त्या चार सोंगट्या रांगेत लावायच्या खेळाची पाटी पुढ्यात ठेवली. "आजोबा, हरलात तर मला एक ग्लास पाजायचा हं!" ते बिचारे हरले, तिला ग्लास पाजला, स्वतःसाठी संत्र्याचा रस मागवला आणि तो न पिता हातात धरून बसले. बघावं कुठे तेच त्यांना कळेना. समोर पोरींच्या मांड्या, बाजूला बिअरच्या जाहिरातीतली बाई. शेवटी त्यांनी वरच्या पंख्यावर नजर लावली. आणि गंमत सांगू? पोलिसांपुढे न लाजणारी आपली जुमताई, तिनं कुणी न सांगता खांद्यावरून टॉवेल घेतला. त्या माणसाला अवघडल्यासारखं होत होतं आणि त्याच्यामुळे आम्हाला.

मग जुमताईनं बर्फासाठी हाक मारली. आता निघावंच लागणार होतं. केस पिवळे केलेत मी, तोंडावर हा एवढा थर, ओळखणं शक्यच नव्हतं. मान फिरवून त्यांच्यासमोरून निघाले आणि दाओ, माझी कंबर आपोआप वाकली. हातात ट्रे, त्यात बर्फ, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात गुरुजींसमोरून जाताना वाकायचो तशी खांदे पाडून, गुडघ्यात मोडून चालले होते. पूर्ण गल्लीत गिऱ्हाइकासमोर कोण वाकतं गं? ते पंख्याकडे बघतच म्हणाले, "तिक ना? बस जरा, बाळ. पाय दुखत असतील." मला रडूच कोसळलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती जर्मनीला गेलेली नाही ना?" मी म्हटलं, "नाही, गुरुजी." म्हणाले, "बरं झालं. तिला थंडी सोसत नाही."

तुझ्या आजीच्या अंत्यविधीचं मग त्यांनीच सांगितलं. तू मला फक्त भांडण झालं एवढंच बोलली होतीस. इतक्या वर्षांनी तुला कुणी ओळखलं नाही; लोकांनी विचारलं ही मुलगी कोण, तर हे म्हणाले, शेजारच्या गावची आहे, भांडी घासायला बोलावलीय. आणि तू मागेच उभी होतीस. एवढं गिळून तू माझ्याशेजारी निजत होतीस आणि मी तुला घोरतेस म्हणून लाथा घालत होते! माझा असा संताप झाला की तोंडाला लगाम राहिला नाही. म्हटलं, "गुरुजी, आम्ही खोटं बोललो की तुम्ही ओणवं उभं करायचात. मग तुम्हाला कुणी करायचं?" जुमताईनं गाणी बंद केली. गुरुजींनी मान खाली घातली आणि पिशवीतून ताटली काढली. फुलं, मेणबत्ती, उदबत्त्या. सगळी प्रवासात चेपलेली. म्हणाले, "भिक्खूची दीक्षा घेण्याआधी ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागून यायची असते. गावातली सगळी घरं झाली. एवढं एक राहिलंय." आणि त्यांनी ताटली माझ्यापुढे धरून हात जोडले. मला, गुरुजींनी! मी त्यांचे हात धरून खाली केले. म्हटलं, "ही माझी नाही. तिच्या वतीनं मला घेता येणार नाही." त्यांनी ती परत पिशवीत ठेवली. तुझा पत्ता मागितला नाही. मागितला असता तर मीही जर्मनीचाच दिला असता.

आता हे सगळं तुला का कळवतेय ते सांगते. आषाढाच्या पौर्णिमेआधी ते भिक्खू होणार आहेत, आणि थोड्या दिवसांसाठी नाही, कायमचे. दीक्षेच्या आदल्या दिवशी गावच्या विहारात त्यांचं मुंडण आहे. पहिली बट घरच्यानं कापायची. त्यांची आई, तुझी आजी, गेल्यावर आता ते तुझ्याकडेच येतं. माफ कर असं मी म्हणणार नाही, मी स्वतः अजून केलेलं नाही. पण एकदा चीवर अंगावर आलं की बाई म्हणून तू त्यांना हात लावू शकणार नाहीस, पाण्याचा पेला हातात देऊ शकणार नाहीस, आणि धड भांडताही येणार नाही, नुसतं पाया पडावं लागेल. म्हणून काय बोलायचं असेल ते बोल, ते नुसते तुझे बाबा आहेत तोवर. तुझे काका कात्री घ्यायला तयार आहेत, पण गुरुजी म्हणाले की दुपारपर्यंत केसांना कुणाला हात लावू देणार नाही. आणि निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. गावातल्या प्रत्येक दारात ताटली पुढे करून ते एकच बोललेत: मी तुमच्याशी खोटं बोललो, भांडी घासत होती ती माझी मुलगी, पट्टायाच्या बारमध्ये काम करायची, आणि मला तिची लाज वाटली. घरोघर, दाओ, सरपंचाच्या दारातसुद्धा. तू गेलीस तर ही कोण म्हणून तिथे आता कुणी विचारणार नाही.

तुझीच, लाथा घालणारी,
तिक