लाल डबा चाकाला, पिवळा हँडलला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटरसायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसं करायला कोणी धजावलंही नसतं.

राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या मुलाला. शिवणयंत्र सुनेला; तिला ते माझ्याहून जास्त कळतं.

वर्कशॉप, जागेसह आणि हत्यारांसह, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला. मुलगा म्हणेल, "आई, हे काय भलतंच?" बाळा, तू एकदा विचारलं होतंस, "ग्रीस ते ग्रीस, त्यात निवडायचं काय?" वर्कशॉप त्याच दिवशी तुझ्या हातून गेलं. पण खरं कारण दुसरं आहे.

पुतणीला ठाऊक आहे तेच लिहून ठेवते. लाल डबा चाकाच्या बेअरिंगला. ब्रेकची धग ते ग्रीस सोसतं. पिवळा हँडलच्या बेअरिंगला. तिथे धग नाही, पण पाणी झिरपतं, आणि पिवळं पाण्याला दाद देत नाही. जुनं धुऊन, वाळवून मगच नवं भरायचं. सरमिसळ करायची नाही.

हे मी चुकून शिकले. एकोणतीस वर्षांपूर्वी कामाची वही मी लिहायची, अक्षर कॉन्व्हेंटचं म्हणून. चाकं भाऊजींकडे, त्यामुळे त्यांचं नाव सकाळीच लिहून ठेवायची. एका दिवशी ते दाढ काढायला गेले. पोस्टमन गाडी घेऊन आले, त्यांना घाई होती. मीच चाक खोललं आणि हाताशी होतं ते पिवळं ग्रीस ठासून भरलं. वहीतलं नाव तसंच राहिलं. आठवड्याने उतारावर ते पातळ होऊन ब्रेकमध्ये उतरलं. पोस्टमन पडले, मनगट मोडलं.

ह्यांनी वही उघडली. भाऊजींनी ब्रेकच्या ड्रमवरून बोट फिरवलं, पिवळा रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, चुकलं माझं."

ह्यांनी सख्ख्या भावाला कामावरून काढलं. मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर भाऊजी दुसऱ्यांच्या गॅरेजात गाड्या धूत राहिले; चाकाला त्यांना कोणी हात लावू दिला नाही. हे गेल्यावर मी विचारलं, "भाऊजी, खरं का नाही सांगितलंत?"

"वहिनी, दाढेची जागा ठणकत होती. तेवढंच बोलता आलं."

आणि हसले. मला अजून हसता आलेलं नाही.

शाळेत सिस्टर सांगायच्या, चुकीवर एकच सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. आज भाऊजींच्या नावावर तशी रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. ते पान काचेत घालून उद्या सकाळी मीच वर्कशॉपच्या दाराशी लावणार आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायचं कारण नाही. पुतणीने ते कधीही उतरवू नये. वर्कशॉपला एवढीच अट.

ठिकाण: वर्कशॉपमागची खोली
तारीख: अकरा मार्च
सही: (स्वहस्ते)

साक्षीदार पहिल्या: समोरच्या छापखान्याच्या मालकीणबाई.

साक्षीदार दुसरे: निवृत्त पोस्टमन. सर्व वाचून सही केली. मनगट केव्हाच बरं झालं आहे. उद्या पान लावताना खिळा मी ठोकीन, आणि बाईंच्या भाऊजींना सोबत घेऊन येईन.