राडोशने आणलेले स्पीकर

प्रिय राडोश,

काल भाजीबाजारात तू देसांकाला गाठून विचारलंस म्हणे, "तुझा नवरा अजून स्पीकरवरून रुसून बसलाय का?" नाही रे बाबा. आपलं रुसायचं वय गेलं. पण तू इतके फोन केलेस आणि मी एकही घेतला नाही, तेव्हा तुला तसं वाटणारच. दोन लाकडी खोक्यांपायी जन्माची मैत्री तुटली असं नीश शहरात कुणी म्हणायला नको, म्हणून लिहायला बसलो. पेल्यात थोडी राकिया ओतून घे, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला माहीतच आहे.

तुझ्या गॅरेजमध्ये आपण व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जुळवला तो हिवाळा आठवतो ना? ट्रान्सफॉर्मरची तार तू गुंडाळलीस, डाग तू दिलेस, मी नुसता दिवा धरून उभा होतो. तरी लोकांना सांगताना 'आम्ही बनवला' असंच सांगत आलो. जेमतेम आठ वॅटचं ते यंत्र. तू तेव्हाच बजावलं होतंस, "वेलिमिर, या घराला थोडक्यात भागवणारी सून बघ. मोठ्या घरची झेपायची नाही." म्हणजे थोड्या विजेवर मोकळेपणानं बोलणारे, रुंद कागदी पडद्याचे, उंच उभे स्पीकर. मला मात्र दुकानाच्या काचेतले ते सडपातळ आवडले होते. तू म्हणालास, दिसायला नाजूक आणि खायला राक्षस.

मग मेव्हण्याची गाडी मागून तू ती उंच जोडी दुकानातून परीक्षेसाठी घेऊन आलास. दुखऱ्या कमरेनं तिसऱ्या मजल्यावर चढवलीस. आपली ती नेहमीची तबकडी लावली, सभागृहात भरल्या मैफलीत घेतलेली. बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही हा आपला नियम, तोही पाळला. आणि बाजू संपल्यावर मी काय म्हणालो? "मेलेला आवाज आहे. झांजा कुठायत? घेऊन जा." तू म्हणालास, "कानात बोळे घातलेस का लेका?" मी चिडून आवाज इतका चढवला की गाणाऱ्या बाईचा गळा फाटायला लागला, आणि वर म्हणालो, बघ, तुझ्या स्पीकरना एवढंही झेपत नाही. तू कॉफीचा कप तसाच ठेवून, जोडी परत घेऊन जिना उतरलास. देसांकाने तो कप आदळआपट करत धुतला.

नंतर बेलग्रेडच्या एका माणसाकडून दुसरी जोडी मागवली. तोच मेलेला आवाज. तिसरीही तशीच. मी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मागे सारले, खाली सतरंजी घातली, कारखान्यांना शिव्या घातल्या. एका दुपारी देसांका स्वयंपाकघरात आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजून सोलत होती. मी तीच तबकडी हळू आवाजात लावली होती. ती तशाच माखलेल्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "अहो, तो माणूस केव्हाचा खोकतोय, त्याला कुणी पाणी का देत नाही?" कोण माणूस, मी विचारलं. "तबकडीतला. मागच्या रांगेतला." राडोश, आपला तो खोकणारा काका. दोन गाण्यांच्या मधे त्याला ढास लागायची आणि आपण हसायचो. मी सुई उचलून मागे ठेवली. तो खोकला की देसांका बोट वर करायची. ती बोट वर करत राहिली आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. स्पीकर सगळे चांगलेच होते.

मग कान दाखवून आलो. डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण गोलगोल बोलली नाही. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा जायला निघालाय. कानाला यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं काही काळ कळेल, गाणं पूर्वीसारखं कळणार नाही. येताना बसमध्ये मी रडलो असं देसांका तुला सांगेल. तिचं फारसं मनावर घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे जाऊन तू आणलेली जोडी परत घेऊन आलो. नशीब, त्याने ती विकली नव्हती. आता दोन्ही स्पीकरांसमोरच्या माझ्या त्या मधल्या खुर्चीत देसांका बसते. इतकी वर्षं तिने ती खुर्ची फक्त पुसली होती, मी कधी बस म्हटलं नाही आणि तिनेही कधी हट्ट धरला नाही. मी शेजारी स्टूल घेतो आणि स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवतो. खर्ज हाताला लागतो. बाकीचं ती सांगते: आता बाईने श्वास घेतला, आता व्हायोलिनवाल्याने पान उलटलं. बटण जरासं फिरवलं तरी तिला सगळं पोचतं, व्हॉल्व्हना धाप लागत नाही. तुझंच खरं होतं, हे मी लेखी देतोय, जपून ठेव. मला ऐकू येईनासं झालं तरी घरात गाणं राहावं, एवढंच आता वाटतं.

आणि फोनचं म्हणशील तर त्यात तुझा आवाज मला नुसती घरघर वाटतो. शब्द लागत नाहीत. मी बागेत गेलोय असं देसांकाला म्हणायला लावलं, कारण तुला सांगायची लाज वाटली. म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात आमची स्लावा आहे. आपल्यात कुलसंताच्या दिवसाचं आमंत्रण कुणी देत नाही. ज्याला आठवण असते तो येतो, न आलेल्याला विचारायचं नसतं. माझ्या बापाने जन्मात कुणाला बोलावलं नाही, मीही नाही. पण रागावून तू यंदा आला नाहीस तर पुढच्या वर्षी तू आल्याचा मला काय उपयोग? म्हणून रीत मोडतो. राडोश, ये. माझ्या उजव्या हाताला बस, तोंड माझ्याकडे करून बोल, आणि अजून थोडं ऐकू येतंय तोवर मला पोटभर शिव्या घाल.

तुझाच,
वेलिमिर