रेघमाल

उस्ताद, आज कारखान्यातल्या आपल्या तपासणीच्या खोलीत नवे साहेब आले होते. गाडीच्या तुटलेल्या आसाचा तुकडा मी घासून, चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. साहेबांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "एक ओरखडा नाही. कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "कोणी नाही साहेब, माझं मीच शिकलो." "शाबास," साहेब म्हणाले. तुमच्यामागे इथे लागलेला तुमचा मुलगा शेजारीच भट्टीचे चिमटे पुसत उभा होता.

मी इथे लागलो तेव्हा मला रेगमाल हा शब्दसुद्धा धड ठाऊक नव्हता. तुम्ही घासायचा कागद मागितलात, माझ्या मराठी कानाने रेघमाल ऐकलं, आणि रेघा पाडतो तो रेघमाल, असा अर्थही लावून टाकला. तुम्ही हसता. "रेग बोले तो रेती, मियाँ." मी हट्टाने म्हणतो, पण उस्ताद, याच्या रेघाच तर पडतात. तुम्ही तुकडा उजेडात तिरपा धरता. "हौ, बात तो सही है तेरी." मग तुमची सगळी शिकवण माझ्या त्या चुकीच्या शब्दावरच चालली. एका कागदावर एकाच दिशेने घासायचं. पुढचा बारीक कागद घेतला की तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे नव्या रेघा जुन्यांना आडव्या पडतात. जुनी एकही दिसेनाशी झाली की मगच त्याच्या पुढचा. मध्ये तुकडा आणि हात दोन्ही धुवायचे, कारण जाड कागदाचा एक कण बारीक कागदावर गेला तरी सगळं फुकट. एकदा मी हात नुसते पायजम्याला पुसले. "ससुराल जा रा क्या, इत्ती जल्दी? जा, हाथ धोको आ."

साहेब गेल्यावर तुमच्या मुलाने तो तुकडा हातात घेतला. "चाचा, अब्बा भी ऐसाइच घुमाते थे ना?" टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. मी "हौ" म्हणालो आणि कपाटाला कुलूप लावायला वळलो. सुलतान बाजारातून या कामाची जुनी इंग्रजी पुस्तकं आणून, शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचली, हे खोटं नाही. पण ती वाचायला घेतली हात तयार झाल्यावर.

उद्या साहेबांना सांगावं म्हणतो. पण त्यांचं 'शाबास' अजून गोड लागतंय, त्यामुळे माझा भरवसा नाही. माझं उर्दू तुमच्यापेक्षा सफाईदार, असं तुम्हीच म्हणायचात. तरी हे मराठीत लिहिलं. चुकून कागद टेबलावर राहिलाच, तर तुमच्या मुलाला वाचता येऊ नये म्हणून.