जुन्या तक्त्यातली ठकी

३ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या ठकीला शाळेतल्या बुद्धिमापन चाचणीत त्र्याहत्तर मिळाले, म्हणून तू वेल्डिंगच्या शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजलास हे वाचून मी कपाळाला हात लावला. सत्तरच्या खाली असलेल्या मुलांनाच शिकवायला स्वतंत्र बाई मिळतात, आणि आपली ठकी 'तीन गुणांनी वाचली' असं तू लिहितोस. अरे, वाचली कसली? नऊ वर्षांच्या मुलीला अजून एक ओळ वाचता येत नाही.

मी एकोणीस वर्षं याच चाचण्या घेते, तेव्हा जरा ऐक. हे गुण म्हणजे बरोबर उत्तरांची बेरीज नव्हे. ती बरोबरीच्या मुलांशी केलेली तुलना असते. शाळा ज्या तक्त्याशी ताडून गुण देते, त्यातली मुलं चोवीस वर्षांपूर्वीची आहेत. तेच प्रश्न आताची मुलं जास्त सोडवतात. डोकी काही मोठी झाली नाहीत. शिक्षण लांबलं, तब्येती सुधारल्या, चित्रं आणि कोडी रांगतानाच हातात येतात. नेमकं कशामुळे, यावर आमचे लोक अजून भांडतात. पण जुन्या मुलांशेजारी उभी केली की ठकी उगाच उंच दिसते. नव्या तक्त्यानं तिचे सहासष्टच्या आसपास भरतील. फेरतपासणीचा अर्ज सोबत आहे. मुकाट्यानं सही कर.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. अर्ज मिळाला, सही केलेली नाही. पट्टी बदलली म्हणून आमच्या शेडमध्ये पाइप आखूड होत नाही. सात गुण कापायला तुला सख्खी भाचीच सापडली?

आणि एक सांग. कारखान्यात लागताना माझीही चाचणी झाली होती. शहात्तर. तुझ्या हिशेबानं आज मी सत्तरीला टेकलो. ठकीच्या आईनं बोटांवर मोजलं आणि उठून भांडी घासायला गेली. वीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाही, ताई. मग मी मंद का? तुझं शिक्षण तुझ्यापाशीच ठेव.

तरी तब्येतीला जप. लोभ आहे, पण आज जरा कमी.
धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझ्याशी वाद म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, तरी आपटते.

तुझा तो कागद मी तेव्हा पाहिला होता. करवत आणि कात्री यांत सारखं काय, असं विचारलं होतं. तू लिहिलंस, काही नाही, करवतीनं कापड फाटेल. हत्यार धरणाऱ्याचं उत्तर ते, अगदी खरं. त्यांना 'दोन्ही कापतात' एवढंच हवं होतं, म्हणून शून्य. तेराव्या वर्षी तू कामाला लागलास. असले बिनकामाचे प्रश्न तुला कुणी कधी विचारलेच नव्हते. तिथं पट्टीच चुकली.

ठकीला मात्र ते चौथ्या वर्षापासून रोज विचारतात. तुझं आणि तिचं दुखणं एक नाही. शेजारणीच्या वहीतून उतरवताना ती शेजारणीचं नावही उतरवते, हे मागे तूच गंमत म्हणून लिहिलं होतंस. मला हसू आलं नाही.

तू मंद नाहीस, हट्टी आहेस. लोभ तेवढाच आहे, वाढवायला जागा नाही.
ताई

९ जुलै

ती. ताईस,
नमस्कार. सही केली. वहीचं ते वाक्य दोनदा वाचलं आणि ठकीची वही काढून बसलो.

पुढचं ऐक. शिक्षण कार्यालयातला कारकून म्हणाला, नवा तक्ता पुढच्या वर्षीपासून. मी म्हणालो, मुलगी यंदाच नऊ वर्षांची आहे. तो म्हणाला, बाप गुण वाढवायला येतात, कमी करायला कोणी येत नाही. कामावर तीन खाडे झाले. तिसऱ्या खेपेला ठकीलाही नेलं होतं, तेव्हा माझा आवाज चढला. माझ्या पोरीचे गुण कमी करा म्हणून मी भांडतोय आणि सगळी रांग माझ्याकडे बघतेय. शेवटी आतल्या मोठ्या अधिकारी बाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्वतः नव्या तक्त्यानं ठकीची चाचणी घेतली.

चौसष्ट. मी त्यांचे आभार मानले आणि जिन्यावर येऊन बसलो. ठकीनं विचारलं, बाबा, मी पास झाले का. हो म्हणालो. मग ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेली.

सोमवारपासून तिला बाई मिळतील. अभिनंदनाचं पत्र मात्र पाठवू नकोस. त्यापेक्षा तूच ये.

धाकटा